बेल्ट दिला, पण अडकवायचा कशाला?

नांदेड, परभणी, लातूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सरकार बांधकाम कामगारांना फुकट सुरक्षा-साधनांची पेटी देतं, हेल्मेट देतं, सेफ्टी बेल्ट देतं, हे लोक घालत नाहीत, दारू पिऊन परांचीवर चढतात आणि पडतात, उन्हाची तर यांना सवयच असते, आणि मेले तरी घरच्यांना पाच लाख मिळतातच. मग मालकाला आणि गुत्तेदाराला बोल का लावता? पुढे ढकलणाऱ्यांत स्वतःचं घर बांधायला काढलेली मंडळीही बरीच आहेत.

‘फुकट’पासून सुरुवात करू. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो, तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि पेटी त्या पैशातून येते. कामगाराच्या नावानं गोळा झालेला पैसा कामगाराला मिळाला, त्यात उपकार कुणाचे?

आता बेल्ट. या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

बेल्ट हे अर्धंच साधन आहे. पडणाऱ्या माणसाचं वजन झटक्यासकट पेलेल अशा जागी त्याचा हुक अडकवावा लागतो. कॉलमला पक्की बांधलेली दोरी हवी, नाहीतर मजबूत पाइप. आपल्या गावांत दुमजली घराच्या प्लास्टरला परांची कसली असते? भिंतीत भोकं ठेवून खोचलेल्या बल्ल्या, काथ्याच्या गाठी, वर दोन फळ्या. तिला हुक लावला तर माणसामागोमाग परांचीही खाली येईल. मिस्त्रीला हे मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. हेल्मेटचंही तसंच आहे. वरून वीट पडली तर ते वाचवतं, घालणारा स्वतःच वरून पडला तर फारसं नाही.

बेल्टच्या आधी कितीतरी गोष्टी यायला हव्यात: कडेला कठडा, पुरेशी रुंद फळी, पाइपांसाठी सोडलेल्या डक्टवर आणि लिफ्टच्या खड्ड्यावर झाकण, जिन्याला तात्पुरतं का होईना रेलिंग. यातलं काय कामगारानं घरून डब्यासोबत आणायचं? ही सोय करणं काम देणाऱ्याकडे आहे. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात ते होतं, 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे. पण प्लास्टर फुटावर उक्तं दिलेलं असतं. कठडा बांधण्यात अर्धा दिवस गेला तर तो मिस्त्रीच्या अंगावर पडतो आणि बिगाऱ्याच्या रोजातून निघतो. म्हणून कठडा होत नाही. यात निष्काळजीपणा शोधायचाच असेल तर तो दर ठरवताना झालेला आहे.

दारूचं म्हणाल तर पिणारे असतात, नाकारत नाही. पण नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा वाचा, किंवा आता त्याच्या जागी आलेली 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता वाचा. नशेत असताना अपघात झाला तर मालकाला भरपाईतून सुटका आहे, पण ती फक्त किरकोळ आणि अंशतः अपंगत्व आणणाऱ्या इजांपुरती. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर कामगार प्यायलेला होता हे कारण चालत नाही. म्हणजे ज्या अपघातांवर मेसेज एवढा रंगवलाय, नेमकं तिथंच त्याचं कारण कुचकामी आहे. आणि न प्यायलेल्या माणसाचं काय? गल्लीवरून विजेची तार गेलेली, 12 मीटरची सळई वर घेताना तिला टेकली, तर शुद्धीतला माणूसही वाचत नाही.

उन्हाची सवय शरीराला होते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि काम सुटलं की ती जातेही. लग्नसराईहून परतलेला बिगारी पहिल्याच दिवशी परभणीच्या मे महिन्यात स्लॅबवर उभा राहतो तेव्हा तो नवखाच असतो. गंमत पाहा: 40 अंशांच्या वर काँक्रीट टाकायचं तर त्याची काय काळजी घ्यायची, यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 7861. खडीवर सावली करा, पाणी थंड वापरा. मिक्सरवरच्या माणसाला सावली द्या म्हटलं की मात्र त्याची सवय निघते.

राहिले पाच लाख. ते मंडळाकडे नोंदणी असलेल्यांसाठी आहेत, आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहणारा माणूस आज एकाकडे, परवा दुसऱ्याकडे. त्याला दाखला कोण देणार? ‘माझ्याकडे चारच दिवस होता’ हे प्रत्येक गुत्तेदाराचं उत्तर ठरलेलं, आणि खरंही.

शिवाय सगळे पडून मरत नाहीत. ग्रॅनाइट आणि फरशी ग्राइंडरनं कोरडी कापणाऱ्याच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं बसते. सिलिकोसिस बरा होत नाही. कायद्याच्या यादीत तो व्यवसायजन्य आजार आहे. पण धाप लागेपर्यंत दहा मालक बदललेले असतात, दावा कुणावर लावणार? पाण्याची धार सोडून कापलं तर धूळ बरीच बसते. त्यानं चिखल होतो, आणि नव्या घरात चिखल नको म्हणून ‘बाहेर नेऊन कोरडंच काप’ असं सांगणारा बहुतेक वेळा घरमालकच असतो.