‘मिरवणं’ म्हणालात म्हणून

‘हातात टॅबलेट घेऊन वर्गभर फिरणं म्हणजे शिकवणं नव्हे, मिरवणं.’ टॅबलेटवर लिहिलेलं समोरच्या मोठ्या डिस्प्लेवर दाखवत, वर्गात फिरत शिकवण्याबद्दल मी लेख लिहिला, त्याखालच्या प्रतिक्रियेतलं हे तुमचं वाक्य. प्रतिक्रियेत आणखीही बरंच आहे, पण टोचलं ते हेच. मतभेदाचं मला वावडं नाही. मात्र न पाहिलेल्या वर्गाबद्दल इतक्या ठामपणे बोलायचा धीर मला २२ वर्षं शिकवूनही आलेला नाही.

त्यातली पहिली १४ वर्षं खडू-फळ्याचीच. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ, आणि मागच्या बाकांवर काय चाललंय ते आवाजावरून ताडायचं. माझं फळ्यावरचं अक्षर देखणं होतं हो. मिरवायचंच असतं तर तिथेच थांबलो असतो.

आता फिरतो तेव्हा काय होतं, ते ऐका. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने ५०२ वजा १७८ चं उत्तर ४७६ काढलं होतं. दोनातून आठ जाईनात, म्हणून आठातून दोन. शून्यातून सात जाईनात, म्हणून सातातून शून्य. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम तिने इमानेइतबारे पाळला होता! तिला विचारून तेवढ्याच गणिताचा फोटो घेतला, नाव येऊ दिलं नाही, आणि समोरच्या डिस्प्लेवर टाकला. ‘४७६ मध्ये १७८ मिळवा बरं.’ ६५४ आले. वर्ग हसला नाही, कारण निम्म्यांच्या वहीत तेच होतं. मग टॅबलेट तिच्याच बाकावर ठेवला. बसल्या जागेवरून तिने पाचावर काट मारून चार केले, शून्याचे आधी दहा, मग नऊ. ३२४. रेघ तिच्या हाताखाली आणि समोर, दोन्हीकडे. फळ्यापाशी बोलावलं असतं तर ही मुलगी जागची हलली नसती. हे मिरवणं असेल तर असो.

‘मग डिस्प्लेवरच बोटाने का लिहीत नाही?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या डिस्प्लेचा स्पर्श कडेच्या चौकटीतल्या इन्फ्रारेड किरणांवर चालतो. काचेला बोट टेकायच्या आधीच किरण अडतो, त्यामुळे शर्टाच्या बाहीनेही रेघ उमटते. शिवाय लहान मुलांचे हात वरच्या निम्म्या भागापर्यंत पोचतच नाहीत. टॅबलेट सगळ्यांच्या उंचीचा.

एक चूक मात्र कबूल. ‘टॅबलेटवर लिहिलेलं तत्क्षणी समोर दिसतं’ असं मी लिहिलं होतं. बिनतारी जोडणीत रेघ किंचित मागून येते, आणि नेटवर्कवर ताण असला की चांगलीच रखडते. ते वाक्य बदललं आहे.

खर्च, डोळे, बॅटरी यांवर स्वतंत्रपणे कधीतरी. शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाचा दाखला तुम्ही दिलात, तो मीही वाचलाय. तंत्रज्ञानाने शिक्षकाची जागा घेऊ नये, हे त्यातलं म्हणणं मला मान्यच आहे. माझ्या वर्गात ती जागा मीच घेतो, फक्त एका ठिकाणी उभा राहत नाही.

आणि तुम्ही मला ‘गॅजेटवीर’ म्हणालात, त्याचं काय? त्यावर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारतो: तुम्ही शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही शेवटची कधी उघडून पाहिलीत? कदाचित कालच पाहिली असेल. मला कसं कळणार, तुम्ही नावही लिहिलेलं नाही. नाव न देता प्रतिक्रिया लिहायची सोय इथे मीच ठेवली आहे, ती तशीच राहील.