ध्वनिमुद्रण प्रकल्प म्हणजे मोठ्याने वाचलेला निबंध नव्हे

वर्गात ध्वनिमुद्रणाचा प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांचं मनापासून कौतुक. पण अनेकदा गोव्यातली मुलं 'आमचा शिगमो' (शिगमो म्हणजे इथला होळीच्या सुमाराचा लोकोत्सव) हा लिहिलेला निबंध फोनसमोर वाचतात, फाईल व्हॉट्सअॅपवर जाते आणि प्रकल्प संपतो. मुलांच्या कानांना काम मिळतच नाही.

चौघांचा गट करा. घरच्या आजीला धालोबद्दल, म्हणजे बायकांच्या पारंपरिक गाण्या-नाचाबद्दल, विचारू द्या, नाहीतर पोदेराला (पाववाल्याला) त्याच्या सकाळच्या फेरीबद्दल. प्रश्न पाचच, आणि 'हो-नाही'त उत्तर संपेल असा एकही नको. परवानगी आधी घ्यायची.

फोन एअरप्लेन मोडवर. माईक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो आणि मुलं नेमका तिथेच हात धरतात. तोंडापासून एक वीत अंतर, तेही किंचित बाजूला. समोर धरला तर प, फ, भ म्हणताना श्वास माईकवर आपटतो. आवाज फाटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही, पुन्हा घ्यावाच लागतो. पंखा बंद करता येत नसेल तर सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं. तेवढ्या तुकड्यावरून ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं मोफत सॉफ्टवेअर ती घरघर ओळखून कमी करते. कौलांवरच्या पावसाला मात्र हा इलाज चालत नाही, माणसाचा आवाजच पाण्यात बुडाल्यासारखा होतो. म्हणून पावसात प्रश्न तयार करावेत, ध्वनिमुद्रण चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थी झाल्यावर.

वेव्ह फाईल (न दाबलेला मूळ आवाज) मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, मिनिटाला साधारण ५ एमबी घेते. मूळ मुद्रण आठ मिनिटांत आवरा, कापून तीन मिनिटं ठेवा. एमपी३ ही दाबून लहान केलेली फाईल अगदी शेवटी बनवा.

खरा अभ्यास पुढे आहे: ऐकलेलं शब्दशः उतरवणं. एका मिनिटाला पंधरावीस मिनिटं सहज जातात, म्हणून प्रत्येकाला एकच मिनिट द्या. इथे एक चूक हमखास होते. आजी कोंकणीत 'न्हंय' म्हणते, मूल 'नदी' लिहितं. ती 'दवरलें' म्हणते, वहीत 'ठेवले' येतं. मुलाला वाटतं आपण शुद्ध केलं. त्याला तीन सेकंदांचा तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवा, ऐकू येतं तेच लिहायला लावा, पुस्तकातला शब्द वहीच्या समासात, कडेच्या कोऱ्या जागेत. मराठी आणि कोंकणी एकाच घरात कशा नांदतात, हे त्या समासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं व्याकरणाच्या धड्यात दिसत नाही. माझ्या मते निम्मे गुण या वहीलाच हवेत.

आणि वर्गात लावण्याआधी तयार फाईल आजीला ऐकवा. ती 'हें काड' (हे काढ) म्हणाली, तर तेवढं कापायचं.