चिमणीचं पिल्लू तांदळावर वाढत नाही

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज परवा चौथ्यांदा आला. वर हात जोडलेले, खाली चिमणीचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: चिमण्या मोबाइल टॉवरमुळे संपल्या, फवारणीला उगाच बदनाम करतात. चिमणी दाणे खाते, अळ्या नाही. फवारलेल्या शेतात मोठे पक्षी मजेत फिरतात, म्हणजे औषध निर्धोक. अंगणात तांदूळ टाका, पडलेल्या पिल्लाला दूध-भात भरवा, पण हात लावू नका, आई टाकून देते.

हात न लावता भरवायचं कसं, ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आधी दाण्यांचं बघू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. चिमणी दाणे खाते हे खरं, पण मोठी चिमणी. आमच्या गोठ्यात मीटरच्या पेटीमागे घरटं आहे. श्रावणात एका सकाळी तासभर समोर बाजेवर बसलो. मादीच्या चोचीत कधी सोयाबीनवरची हिरवी उंट अळी, कधी पाय मोडलेला नाकतोडा, एकदा कोळी. खाली ढेपेजवळ ज्वारी सांडलेली होती, ती तिनं स्वतः टिपली. पिल्लांसाठी एक दाणा नेला नाही.

कारण साधं आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-अडीच ग्रॅमचं असतं. पंधरवड्यात ते वीस ग्रॅमच्या आसपास जाऊन उडायला हवं. मांस, पिसं, हाडं एवढ्या घाईत उभी करायची तर प्रथिनं लागतात, आणि तांदळात ती पुरेशी नाहीत, कॅल्शियम तर नावालाच. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांच्या घरट्यांचा अभ्यास झाला. ज्या पिल्लांच्या पोटात किड्यांऐवजी झाडपाला जास्त गेला, ती अशक्त निघाली.

मग कबुतरं कशी वाढतात? ती आपल्या अन्नपिशवीत दुधासारखा घट्ट रस तयार करून पिल्लांना पाजतात, त्यामुळे किड्यांवाचून त्यांचं अडत नाही. चिमणीकडे ही सोय नाही.

आता औषध. मोठा पक्षी फिरताना दिसला म्हणून पिल्लू सुखरूप, हा हिशेबच चुकतो. मोठा पक्षी उडून दुसऱ्या शेतात जातो, पिल्लू जागचं हलत नाही. त्याचं यकृत विष निकामी करायला अजून तयार झालेलं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंचं काम बिघडवतात, अळीचं तसंच पक्ष्याचं आणि माणसाचंही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्या जिल्ह्यात राहून 'निर्धोक' हा शब्द लिहायला छाती लागते. अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये याच गटातलं मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांतले नाकतोडे खाऊन हजारो शिकारी पक्षी मेले. विष चोचीतून असं पुढे जातं.

दुसरी वाट उपासाची: किडेच मेले की पिल्लांना भरवायला काही उरत नाही. नेदरलँड्समधला अभ्यास २०१४ मध्ये आला: जिथल्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड लिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर, तिथे कीटक खाणारे पक्षी वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत होते. आपण पऱ्हाटीच्या मावा-तुडतुड्यांवर मारतो ते हेच औषध.

मीटरमागच्या घरट्याचं पुढे असं झालं. शेजारच्या पऱ्हाटीवर सलग दोन दिवस फवारा झाला. तिसऱ्या दिवशी मादी बऱ्याच फेऱ्या रिकाम्या चोचीनं करत होती, आणि तीनपैकी दोन पिल्लं खाली पडलेली, पोटं खपाटीला. औषधानं की उपासानं, तपासणीशिवाय छातीठोक सांगणार नाही. टॉवर मात्र तेव्हाही तिथेच होता, आधीच्या वेतांनाही होता.

टॉवरच्या लहरींनी चिमण्या संपल्या हे सिद्ध झालेलं नाही. त्यात 'संपल्या' हेही खरं नाही. २०२० च्या भारतातल्या पक्ष्यांवरच्या अहवालानुसार देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, घट मोठ्या शहरांत आहे.

दूध-भात देऊच नका. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, हगवण लागते, आणि पातळ घास श्वासनळीत गेला की तिथेच संपलं. हात लावल्यानं आई पिल्लू टाकत नाही. पिसं न आलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवा. पिसं आलेलं उड्या मारत असेल तर मांजर हाकला आणि बाजूला व्हा, आईबाप जमिनीवरही भरवतात.

हे ग्रुपवर टाकलं तर एकानं विचारलं, "मंग तांदूय टाकू का नोको?" टाका, मोठ्या चिमण्या खातील. पण धुऱ्यावरचा तरोटा तणनाशकानं जाळू नका. पावसाळ्यात त्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, पिल्लाच्या चोचीत मावतील एवढ्या.