राउटिंग कुणाच्या हातात असावं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. आरपीसी रिक्वेस्ट (एका प्रोग्रॅमने नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरची प्रोसिजर चालवायला केलेली मागणी) कोणत्या सर्व्हरकडे जाईल हे ठरवणारी लायब्ररी थेट आपल्या सर्व्हिसमध्ये बसवावी, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की, अनेक मशीनवर सर्व्हिस चालवणारं कुबरनेटीस हे काम आयतं करून देतं. त्याहून जास्त हवं असेल तर एन्व्हॉयसारखी प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसून रिक्वेस्ट पुढे धाडणारा वेगळा प्रोग्रॅम, आहेच. आणि अंधेरी-पवईतल्या छोट्या टीमने मोठ्या कंपन्यांचं अनुकरण कशाला करायचं?

पहिला मुद्दा मला अजिबात मान्य नाही. कुबरनेटीसची साधी सर्व्हिस कनेक्शन वाटते, रिक्वेस्ट वाटत नाही. कनेक्शन जुळताना एक पॉड (सर्व्हिसची एक चालती प्रत) निवडला जातो आणि मग तोच कायम राहतो. आरपीसीसाठी सर्रास वापरलं जाणारं जीआरपीसी तर एचटीटीपी/२ वर चालतं, म्हणजे एकच कनेक्शन उघडं ठेवून त्यावरूनच शेकडो रिक्वेस्ट पाठवतं. दादरला ज्या तिकीट खिडकीपाशी पहिल्यांदा उभे राहिलात तिथूनच कायम तिकीट काढायचं, शेजारी नव्या खिडक्या उघडल्या तरी, असा हा प्रकार आहे. संध्याकाळी लोड वाढला म्हणून तुम्ही पॉड वाढवता, पण नवे पॉड रिकामे बसतात आणि जुना धापा टाकत राहतो. हेडलेस सर्व्हिस करून सगळ्या पॉडचे पत्ते क्लायंटला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) दिले आणि त्याला राउंड रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने निवड, लावलं की फरक पडतो. मात्र तेवढ्यावर थांबू नका. जुनी कनेक्शनं नीट चालू असतील तर क्लायंट पत्ते सांगणाऱ्या डीएनएसला पुन्हा विचारायला जातच नाही, त्यामुळे नवे पॉड त्याला दिसत नाहीत. म्हणून सर्व्हरवर कनेक्शनच्या कमाल वयाची मर्यादा घालावी लागते, म्हणजे कनेक्शन तुटलं की क्लायंट पुन्हा पत्ते विचारतो. म्हणजे तुम्ही ज्याला आयतं म्हणता, तिथेसुद्धा निवड शेवटी क्लायंटमधल्या लायब्ररीलाच करावी लागते.

प्रॉक्सीबद्दल तुमचं निम्मं म्हणणं पटतं. टीममध्ये गो, जावा, पायथन असं सगळंच असेल, तर प्रत्येक भाषेत तीच लायब्ररी सांभाळणं जड जातं. तिथे प्रॉक्सीच घ्या. पण मोठ्या कंपन्या प्रॉक्सी वापरतात म्हणून तोच राजमार्ग, हे खरं नाही. फेसबुकवाल्या मेटाने २०२३ साली सर्व्हिसराउटर या आपल्या राउटिंग यंत्रणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार तेव्हा त्यांच्याकडच्या ९९ टक्के आरपीसी रिक्वेस्ट प्रोग्रॅममध्येच जोडलेल्या लायब्ररीतून थेट सर्व्हरकडे जात होत्या, प्रॉक्सीतून जेमतेम १ टक्का. कारण सरळ आहे: मधला प्रत्येक टप्पा मशीन खातो आणि वेळही खातो. छोट्या टीमला तर खर्च जास्तच टोचतो. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये एका झोनमधून (डेटा सेंटरच्या एका गटातून) दुसऱ्या झोनमध्ये गेलेल्या डेटाचे वेगळे पैसे लागतात. शक्यतो आपल्याच झोनमधला सर्व्हर निवडणारी लायब्ररी असली, तर बिलातला तो भाग सरळ कमी होतो.

आता तुमच्या प्रतिक्रियेतलं जे वाक्य मला खरोखर खटकलं, त्याकडे येतो: ‘राउटिंग म्हणजे शेवटी पत्ता शोधणंच.’ नाही. उत्तर आलं नाही तर काय करायचं, हा राउटिंगचाच भाग आहे, आणि तो सगळ्यात अवघड आहे.

बिरेल आणि नेल्सन यांनी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या आपल्या आरपीसीबद्दल १९८४ साली जो निबंध लिहिला, त्यात हे स्वच्छ मांडलं आहे. कॉल परत आला, तर प्रोसिजर नेमकी एकदा चालली. एरर आली, तर ती एकदा चालली असेल किंवा मुळीच चालली नसेल. यातलं काय झालं ते कॉल करणाऱ्याला कळत नाही. चाळीस वर्षं झाली, तरी ही अडचण तशीच आहे. मुंबईत आपल्यापैकी बरेचजण पेमेंट, कर्ज, विमा यांचंच सॉफ्टवेअर लिहितो. खात्यातून पैसे वळते करणारी मेथड (म्हणजे प्रोसिजरच) आणि शिल्लक दाखवणारी मेथड यांच्यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. शिल्लक दहादा विचारली तरी बिघडत नाही. पैसे वळते करताना डेडलाइन (उत्तरासाठी थांबायची मुदत) उलटली आणि रिक्वेस्ट दुसऱ्या पॉडकडे पुन्हा गेली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. पुन्हा पाठवणं सुरक्षित कधी, तर व्यवहाराचा एकच क्रमांक सोबत जात असेल आणि सर्व्हर तो तपासत असेल तेव्हाच.

प्रॉक्सीला मेथडचं नाव दिसतं, कारण जीआरपीसीत ते रिक्वेस्टच्या पाथमध्येच असतं. पण त्या नावामागचा अर्थ तिला कुणीतरी सांगावा लागतो, आणि ती माहिती कोडपासून दूर, दुसऱ्याच टीमच्या कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन बसते. मेथड बदलते, कॉन्फिगरेशन तसंच राहतं. मला लायब्ररी हवी ती या कारणासाठी. मेथड लिहिणाराच तिथल्या तिथे लिहून ठेवतो की ही पुन्हा पाठवायची की नाही, आणि कोड रिव्ह्यूमध्ये ते सगळ्यांच्या नजरेखालून जातं.

शिवाय रिट्राय, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं, एकाच थरात असावा. एकाखाली एक तीन थर आणि प्रत्येक थर तीनदा प्रयत्न करणारा असेल, तर सगळ्यात खालच्या, आधीच आजारी असलेल्या सर्व्हरवर एका रिक्वेस्टच्या २७ जाऊन आदळतात. लायब्ररीत रिट्राय चालू आणि प्रॉक्सीतही चालू, अशी जोडी तर कधीच ठेवू नका.

तुमच्याकडे प्रॉक्सी आहे असं तुम्ही लिहिलंय. तिच्यात रिट्राय कोणकोणत्या मेथडना लागू आहे, ते एकदा उघडून बघा. पैशांना हात लावणारी आणि व्यवहार क्रमांक न तपासणारी एकही मेथड त्यात सापडली, तर लायब्ररी बरी की प्रॉक्सी हा वाद आपण नंतर घालू. आधी त्या मेथडचा रिट्राय बंद करा.