गूळ घातला म्हणून हॉट चॉकलेट बिनसाखरेचं होत नाही

थंडी पडली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हटकून येतो. यंदा तो एकाच आठवड्यात तिघांकडून आला, म्हणून हे लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा:

“मुलांना साखरेचं हॉट चॉकलेट देताय? थांबा! साखर म्हणजे पांढरं विष, ती हाडांच्या भुकटीने पांढरी करतात. त्याऐवजी कपभर उकळत्या दुधात कोको आणि दोन मोठे चमचे गूळ घाला. किंवा मध, किंवा खजूर. शून्य साखर, त्यामुळे मुलं कितीही प्यायली तरी चालेल. गुळातल्या लोहाने रक्त वाढतं, उकळलेल्या मधाने खोकला पळतो. साखर बंद झाली की मुलांचा धिंगाणाही बंद. सहा महिन्यांच्या बाळालाही चमचाभर द्या. जास्तीत जास्त आयांपर्यंत पोचवा.”

मी घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. “बिनसाखरेचं काहीतरी करून द्या ना” म्हणणाऱ्या आया दर आठवड्याला येतात, म्हणजे हा फॉरवर्ड खरा ठरला तर माझा धंदा वाढेल. तरीही.

सहा महिन्यांच्या बाळाला चमचाभर द्या, या शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी फार तर दात किडतील, ही चूक बाळाला दवाखान्यात नेईल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटवायचा नाही, दुधातून नाही, बोटाला लावूनही नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात निपचित पडलेली त्याची चिवट रूपं, मधात असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. आधी बाळाला शी होत नाही, मग चोखणं मंदावतं, रडण्याचा आवाज बारीक होतो, मान धरवत नाही. “पण दूध तर उकळलेलं आहे ना?” हा प्रश्न मला दोनदा आला. दुधाच्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत; त्यांना दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. जन्मलेल्या बाळाला सोन्याच्या वळ्याने मध चाटवायची पद्धत आमच्याही घरात होती. डॉक्टरांनी सांगितल्यावर सासूबाईंनी ती एका वाक्यात मोडीत काढली, “सोनं नुसतंच लावू.” बाळांना कोकोचीही गरज नाही आणि दोन वर्षांपर्यंत वरून घातलेल्या कुठल्याच गोडाची नाही.

आता मूळ दावा, ‘शून्य साखर’.

साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. उसाचा रस आटवून त्याचे स्फटिक वेगळे काढले की साखर, न काढता सगळंच घट्ट केलं की गूळ. त्यामुळे शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते, बहुतांश सुक्रोज आणि थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज. उरलेलं पाणी आणि थोडे क्षार. मधातही साधारण ८० टक्के साखरच, फक्त ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ‘मुक्त साखर’ या शब्दाची व्याख्या आहे: कारखान्याने, स्वयंपाक करणाऱ्याने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली प्रत्येक साखर, शिवाय मधातली, सिरपमधली आणि फळांच्या रसातली. स्वयंपाक करणारी म्हणजे मी आणि तुम्ही. आपण किसून टाकलेला गूळ त्या व्याख्येत चपखल बसतो.

फॉरवर्डमधले ‘दोन मोठे चमचे’ मी काट्यावर तोलून पाहिले. शीग लावून २८ ग्रॅम भरले, म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम साखर. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली ती दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. एका कपात दिवसाचा कोटा संपला. बिस्किट, केचप, वाढदिवसाचा केक अजून बाकीच आहेत. आणि ‘कितीही’ म्हटलंय, म्हणजे दुसरा कप.

ग्रुपवर हे टाकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उत्तर दिलं, “अगं, पण गूळ नैसर्गिक असतो.” काकू, ऊसही नैसर्गिक आणि साखरही त्यातूनच येते. दातातल्या जिवाणूंना सुक्रोज कुठल्या पातेल्यातून आलं ते कळत नाही. गुळाला चव आहे, खमंगपणा आहे, पुरणपोळीला आणि तिळगुळाला त्याच्याशिवाय शोभा नाही. त्याच्या चवीसाठी तो जरूर घाला. औषध म्हणून घालू नका, एवढंच.

हाडांच्या भुकटीचं प्रकरण पटकन संपवते. हाडांच्या कोळशातून साखरेचा पाक गाळायची पद्धत परदेशातल्या काही रिफायनऱ्यांमध्ये आहे. आपल्याकडचे साखर कारखाने सहसा रसात चुना घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात, त्याला सल्फिटेशन म्हणतात. मांजरीला, हडपसरच्या पुढे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे शिकलेलं कुणी ओळखीत असेल तर विचारून घ्या. महाराष्ट्रात कारखान्यात नोकरी केलेला एखादा काका प्रत्येक घरात असतोच.

गंमत म्हणजे गुऱ्हाळातही चुना पडतो. काहिलीत रस उकळताना रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढतात, ते जुनं आणि चांगलं तंत्र. पण गिऱ्हाइकाला गूळ पिवळाधमक हवा असतो, म्हणून रंग उजळायला ‘हायड्रॉस’ टाकतात, आणि तेही गंधकाचंच संयुग. वर काही ठिकाणी रसात साखरेची पोती रिकामी करून गूळ पाडतात. या भेसळीवर अन्न व औषध प्रशासन कारवाई करत असतं. साखरेला घाबरून पळालेल्या आईने हौसेने आणलेल्या ढेपेत पुन्हा साखरच. गूळ घ्यायचाच तर काळपट, तपकिरी घ्या. मार्केट यार्डात अशा ढेपेकडे लोक पाठ फिरवतात, ती मुद्दाम मागा.

लोहाचा मुद्दा सगळ्यांत पसरलेला आणि सगळ्यांत फसवा, म्हणून त्यावर जरा थांबते.

गुळात लोह असतं, हे खोटं नाही. किती, याचे आकडे तक्त्यागणिक बदलतात, कारण गूळ कुठल्या काहिलीत शिजला यावरही ते ठरतं. सढळ हाताने शंभर ग्रॅमला ११ मिलिग्रॅम धरू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला लोहही ११ मिलिग्रॅमच लागतं. हिशेब सोपा झाला: दिवसाची गरज गुळातून भागवायची तर पोराला पाव किलोच्या ढेपेतला निम्म्याला थोडा कमी तुकडा रोज खाऊ घालायचा. सोबत ८५ ग्रॅम साखर फुकट.

आणि हे लोह द्यायचं कशातून, तर दूध आणि कोकोतून! दुधातलं कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. कोकोतली पॉलिफेनॉल्स चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनच्याच गोत्रातली, तीही लोहाला धरून ठेवतात. जेवणावर लगेच चहा पिऊ नये असं डॉक्टर सांगतात ते याचमुळे. म्हणजे लोह पोटात जाऊन वाया घालवायचा याहून चांगला मार्ग शोधून सापडायचा नाही. दिवसभर दुधावरच राहणारी लहान मुलं रक्ताने कमी असतात, हे बालरोगतज्ज्ञ नेहमी पाहतात.

मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा मीही दुधात गूळ घालणाऱ्यांतलीच होते, म्हणून जरा तिखट बोलते आहे. नंतर कळलं ते साधं होतं: लोखंडी कढईतली पालेभाजी, मटकीची उसळ, अळिवाचे लाडू, पोह्यांवर पिळलेलं लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. कांदेपोह्यांवरची ती फोड नुसती शोभेची नाही. गोळ्या लागल्या त्या डॉक्टरांनी दिल्या. हॉट चॉकलेटकडून आम्ही आता रक्ताची अपेक्षा ठेवत नाही.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे पेय आयुष्यात केलेलं नाही, याचा पुरावा त्याच्याच पाककृतीत आहे. उकळत्या दुधात गूळ टाका म्हणतो. टाकून बघा. गूळ किंचित आंबट असतो, जुना असेल तर जास्त, त्यात क्षारही असतात. उकळतं दूध ते सहन करत नाही आणि फाटतं. पुण्यात गेल्या काही वर्षांत गुळाच्या चहाच्या टपऱ्या चौकाचौकात झाल्यात, तिथल्या कुठल्याही पोऱ्याला विचारा, तो सांगेल. गूळ आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, दूध उतरवून दोन मिनिटं निवू द्यायचं आणि मग मिसळायचं.

मध उकळायचा नाही, हे तर आयुर्वेदवालेही सांगतात, त्यामुळे या ओळीवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. वर्षावरच्या मुलांना खोकल्यात अर्धा चमचा मध दिल्याने थोडा आराम पडतो, याला अभ्यासांचा आधारही आहे. तो नुसता द्या. कोकोत घालून त्याची चव मारण्यात अर्थ नाही.

खजुराबद्दल माझं मत इतकं कडक नाही. शंभर ग्रॅम खजुरात ६५-७० ग्रॅम साखर असतेच, ‘शून्य’ तोही नव्हे. पण अख्खा खजूर चावून खाल्ला तर त्यात तंतू आहेत, तो सावकाश खाल्ला जातो आणि दोन-तीन झाल्यावर मूल आपणच थांबतं. मिक्सरमधून काढला की हा फायदा बराच कमी होतो. ब्रिटनमध्ये तर फळांची अशी पेस्ट मुक्त साखरेतच धरतात. शिवाय चिकट खजूर दाढेच्या खाचेत बसून राहतो. तरीही मी खजूरच वापरते. एकतर तो मोजून घालता येतो, चमच्याला शीग लागते तशी खजुराला लागत नाही. आणि त्याची चव कोकोशी जमते.

माझं प्रमाण दोन मुलांसाठी. बिया काढलेले दोन मऊ खजूर गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि वाटायचे. एक मोठा चमचा कोको, साधा, ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ नव्हे. त्या डब्यावरचे घटक वाचा. जे वजनाने सगळ्यांत जास्त ते पहिलं लिहायचा नियम आहे आणि पहिला शब्द बहुतेक वेळा साखर हाच असतो. कोको थेट दुधात टाकला तर गुठळ्या होतात, म्हणून आधी दोन चमचे गरम पाण्यात त्याची पेस्ट करायची. ३०० मिली दुधात एक छोटा चमचा नाचणी सत्त्व गार असतानाच कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मोड आणून केलेलं सत्त्व घ्या: मोड येताना नाचणीतला थोडा स्टार्च माल्टोज नावाच्या साखरेत बदलतो, त्याने अंगची हलकी गोडी येते आणि पेय दाटही होतं. मग कोको, खजूर, किंचित जायफळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, कोकोचा कडवटपणा त्यानेच उतरतो. असा हिशेब केला तर एका मुलाच्या वाट्याला खजुरातून साधारण पाच ग्रॅम साखर येते. दुधाची स्वतःची साखर असते ती वेगळी, तिची काळजी नको.

पहिल्या दिवशी माझ्या मुलीने एक घोट घेऊन कप परत दिला. बरोबरच होतं, तिला चार खजुरांची सवय होती. मग चारावरून तीन, तीनवरून दोन, असं करत तीन आठवडे गेले. फॉरवर्डवाल्यांना नेमकं हेच नको असतं. तितकंच गोड ठेवून नाव बदलायचं असतं.

खाऊ हवा असेल तर खजूर, कोको, बदामाची पूड आणि अर्धा चमचा तूप एकत्र मळून सुपारीएवढ्या गोळ्या वळा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात. एक गोळी गरम दुधात ढवळली की झटपट कप तयार. सुपारीएवढ्या म्हटलंय, लाडवाएवढ्या नाही. संध्याकाळी पाचच्या आत द्या. कोकोत थोडं कॅफीन आणि त्याच्याच जातीचं थिओब्रोमीन बरंच असतं, रात्री नऊला ते कुणाला हवंय?

राहिला धिंगाणा. साखरेने मुलं चेकाळतात हे इतकं सर्वमान्य आहे की कुणी तपासलंय का, हेही आपण विचारत नाही. तपासलंय. १९९५ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग मला जास्त आवडतो. पाच ते सात वर्षांचे मुलगे घेतले, ज्यांच्या आयांची खात्री होती की आमच्या पोराला साखर चढते. सगळ्यांना साखर नसलेलंच गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपापली मुलं जास्त उंडारलेली दिसली. त्या आपल्या मुलांच्या जवळच राहिल्या आणि त्यांना जास्त टोकत होत्या.

परवा गच्चीवर सोसायटीतल्या मुलांची शेकोटी होती. अकरा मुलं, टाकीच्या जिन्यावरून उड्या, एकाचा बूट खाली पार्किंगमध्ये. काकू मला म्हणाल्या, “बघ, चॉकलेट प्यायली की कशी करतात!” मी म्हटलं, काकू, पातेलं अजून माझ्या गॅसवरच आहे, कोको घालायचाय.