हवेचे आकडे हवेतले आहेत का?

‘कुणाच्याही धुराला मीटर न लावता इतके टन प्रदूषण कसं सांगता? आणि दोन अहवालांत दोन आकडे असतील तर दोन्ही खोटे,’ असं तुम्ही, शहरात कशातून किती प्रदूषण सुटतं यावरचा माझा लेख वाचून, लिहिलंय. अगदीच चूक नाही, पण सगळ्या आकड्यांना एकाच काठीने हाकू नका.

गंधक घ्या. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. समजा ते सत्तर टक्के भाराने चाललं, युनिटमागे ७०० ग्रॅम कोळसा लागला आणि त्यात अर्धा टक्का गंधक निघालं. दिवसाला साधारण ३४ हजार टन कोळसा, म्हणजे १७० टन गंधक. जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणून सल्फर डायऑक्साइड ३४० टन. राखेत राहिलेलं आणि धूर धुणारी यंत्रणा असेल तर तिने पकडलेलं वजा करा. गृहीतकं माझी आहेत, खुशाल बदला. पण आत गेलेलं गंधक कुठेतरी निघणारच. हा हिशेब किराण्याच्या वहीइतका सरळ आहे.

वाहनांपाशी गाडी अडते. गाड्या गुणिले किलोमीटर गुणिले दर किलोमीटरला सुटणाऱ्या प्रदूषणाचे ग्रॅम. यातले ग्रॅम पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने इथल्याच गाड्या प्रयोगशाळेत चालवून मोजलेत. घोळ गाड्यांच्या संख्येत आहे. आरटीओच्या दप्तरात कधीच भंगारात गेलेल्या स्कूटरीही जिवंत असतात! म्हणून पेट्रोल पंपावर उभं राहून गाडीचं वय आणि रीडिंग विचारत बसावं लागतं.

रस्त्यावरच्या धुळीचं तर विचारूच नका. तिथे ठरावीक तुकडा झाडून, बारीक माती चाळून तोलतात आणि अमेरिकेतून आलेल्या सूत्रात घालतात. माती दुप्पट धरली की उत्तरही जवळपास दुप्पट. शेजारी खोदकाम निघालं की काल तोललेली मातीची पुडी आज निरुपयोगी. चुली आणि पेटवलेला कचरा यांचा हिशेब याहून कच्चा.

राहिले दोन अहवाल. एक शहराच्या हद्दीतून किती सुटलं ते मोजतो, दुसरा हवा ओढणाऱ्या यंत्राच्या फिल्टरवर काय बसलं ते. सल्फर डायऑक्साइड हवेत अमोनियाशी मिळून कण बनतो, वाऱ्याबरोबर दुसऱ्याच गावात उतरतो. तिथल्या फिल्टरवर तो दिसणार, हद्दीच्या हिशेबात नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात, ज्यात मुंबई आणि पुणेही होतं, दोन्ही पद्धती शेजारीशेजारी वापरल्या.

तुमचा एक टोला मात्र बरोबर बसला. मूळ लेखात रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मी दशांश चिन्हासकट छापला होता. ती फुकटची ऐट होती. दशांश काढून टाकलाय.