पॅटी स्मिथचं नाव रिवाज म्हणून घेतलं जात नाही

‘पॅटी स्मिथला गाता येत नाही, वाजवता येत नाही. तिचं एकुलतं एक हिट गाणं ब्रूस स्प्रिंगस्टीनने लिहून दिलेलं. पहिला अल्बम सुरू होतो तोच दुसऱ्याच्या गाण्याने. न्यूयॉर्कच्या मित्रमंडळींनी तिला मोठं केलं आणि मग रॉकवाले तिचं नाव रिवाज म्हणून घेत राहिले. मधली सोळा वर्षं ती गायबच होती. नोबेलच्या मंचावर तर तिला शब्दही आठवले नाहीत.’

अमेरिकन रॉक गायिका आणि कवयित्री पॅटी स्मिथबद्दलचा हा मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्यातले दोघे स्वतः वाजवणारे आहेत, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

आधी गळा. तिचा आवाज तीन सप्तकं फिरणारा नाही, हे मान्य. वाद्यावरही तिची हुकमत नाही. पण ‘गाता येत नाही’ म्हणणाऱ्याने ‘हॉर्सेस’ या तिच्या 1975 च्या पहिल्या अल्बममधलं ‘बर्डलँड’ एकदा सलग ऐकावं. नऊ मिनिटांहून मोठं गाणं. रिचर्ड सोलचा पियानो, आणि त्यावर ती चक्क बोलायला लागते. वडील वारलेल्या एका मुलाची गोष्ट. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. ठेका धरून द्यायला ड्रम्स नाहीत, तरी ती लयीतून सुटत नाही. आमच्या बँडने एकदा तालमीत हे गाणं करून पाहिलं. आमची गायिका शास्त्रीय शिकलेली, गळा पॅटीपेक्षा कितीतरी तयार. तिसऱ्या मिनिटाला आम्ही थांबलो. सूर सगळे बरोबर लागत होते, पण बोलण्यातून गाण्यात शिरताना दर वेळी सांधा दिसत होता. ते कसब वेगळं आहे आणि त्यालाही रियाज लागतो. 10 फेब्रुवारी 1971 ला न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये तिने पहिल्यांदा कविता वाचल्या तेव्हा सोबत लेनी के याची इलेक्ट्रिक गिटार होती. तिथून ‘हॉर्सेस’पर्यंत जवळजवळ पाच वर्षं ती हेच घडवत होती. त्या अल्बमचा निर्माता होता जॉन केल. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या रॉक बँडचा व्हायोलावादक, रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस. स्टुडिओत तिला आयत्या वेळी सुचेल ते मोकळेपणी करायला त्यानेच भाग पाडलं. कान तयार असलेल्या माणसाने तिच्या आवाजात काय ऐकलं, याचा विचार तरी करायला हवा.

आता ‘बिकॉज द नाइट’, म्हणजे ते ‘एकुलतं एक हिट गाणं’. हा आरोप अर्धा खरा आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. चाल आणि ध्रुवपद अमेरिकन रॉक गायक स्प्रिंगस्टीनचं, यात वाद नाही. 1977 मध्ये तो ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ हा अल्बम ध्वनिमुद्रित करत होता. त्याचा ध्वनिमुद्रक जिमी आयोव्हिन त्याच काळात पॅटीच्या ‘ईस्टर’ या अल्बमचा निर्माताही होता. स्प्रिंगस्टीनचं हे गाणं पुरं होत नव्हतं. ते प्रेमगीत होतं आणि त्या वेळी आपल्याला प्रेमगीत लिहिता येत नव्हतं, असं पुढे त्यानेच सांगितलं आहे. आयोव्हिनने ती कॅसेट पॅटीला आणून दिली. तिने बरेच दिवस ती लावलीच नाही. मग एका रात्री ती डेट्रॉइटहून येणाऱ्या फोनची वाट बघत बसली होती. फोन करणार होता फ्रेड स्मिथ, एमसीफाइव्ह या बँडचा गिटारवादक, तिचा पुढे झालेला नवरा. ठरलेली वेळ टळून तासच्या तास गेले. तेव्हा तिने कॅसेट लावली आणि फोन येईपर्यंत कडवी लिहून काढली. गाण्यात टेलिफोनचा उल्लेख आहे तो तिथून आलेला. स्प्रिंगस्टीन स्वतः मैफलीत गायचा त्या कडव्यांत दिवसभर राबून आलेला कामगार आहे. पॅटीच्या कडव्यांत एकटी वाट बघणारी, शंकांनी पोखरलेली बाई आहे. ध्रुवपदाला अर्थ आला तो या वाट बघण्यामुळे. 1978 मध्ये गाणं लोकप्रियतेच्या यादीत अमेरिकेत 13व्या आणि ब्रिटनमध्ये 5व्या क्रमांकापर्यंत गेलं. 1986 ला स्प्रिंगस्टीनने मैफलींचा मोठा संच काढला तेव्हा या गाण्याखाली दोघांची नावं छापली. ज्याचं गाणं ‘घेतलं’ म्हणतात, तो माणूस मार्च 2025 मध्ये कार्नेगी हॉलला तिच्या गौरवाच्या मैफलीत येऊन तेच गाणं गाऊन गेला.

शिवाय शब्द लिहून देणं एकाच बाजूने चालत नव्हतं. पॅटीचा स्वतःचा अल्बम निघण्याआधीच ब्लू ऑयस्टर कल्ट या हार्ड रॉक बँडने 1974 मध्ये तिचे शब्द घेतले होते, ‘करिअर ऑफ ईव्हिल’साठी. याबद्दल तो मजकूर गप्प आहे.

पहिला अल्बम ज्या गाण्याने सुरू होतो त्या ‘ग्लोरिया’बद्दल थोडक्यात. मूळ गाणं व्हॅन मॉरिसनचं, देम या बँडसाठी केलेलं. पॅटीने त्याच्या आधी 1970 च्या सुमारास लिहिलेली स्वतःची कविता जोडली. येशू कुणाच्या तरी पापांसाठी मेला, माझ्या नाही, असं सांगून ती सुरू होते. मग पुरुषाने मुलीवर लिहिलेलं ते गाणं ती सर्वनाम न बदलता गाते. अल्बमवर दोन्ही भाग वेगळे दाखवून मॉरिसनचं नाव स्पष्ट दिलेलं आहे. आपल्याकडे कीर्तनकार संताचा अभंग घेऊन त्यावर तासभर स्वतःचं निरूपण उभं करतो, तेव्हा त्याला कुणी चोर म्हणत नाही.

सगळ्यात चुकीचा मुद्दा मित्रमंडळींचा आहे. ‘हॉर्सेस’ अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत 47व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. पण तो कुणाकुणाच्या हाती पडला ते बघा. मायकेल स्टाइप तेव्हा पंधरा वर्षांचा होता, न्यूयॉर्कपासून दूर इलिनॉयमध्ये. वाडगाभर चेरी खात रात्रभर जागून त्याने तो ऐकला आणि आपणही हेच करायचं असं ठरवलं, असं तो कित्येकदा सांगत आला आहे. पाच वर्षांनी त्याचा बँड आर.ई.एम. उभा राहिला. लंडनमध्ये व्हिव्ह अल्बर्टाइनने ‘हॉर्सेस’चं मुखपृष्ठ पाहिलं. रॉबर्ट मेपलथॉर्पने काढलेला फोटो: पांढरा शर्ट, खांद्यावर टाकलेला कोट, कुणाला आवडावं म्हणून न हसणारी बाई. त्या फोटोने आपल्याला काय दिलं ते तिने आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. पुढे ती द स्लिट्स या पंक बँडमध्ये गिटार वाजवू लागली. आणि मँचेस्टर. 31 ऑगस्ट 1978, अपोलो थिएटर, पॅटी स्मिथची मैफल. तिथे चौदा वर्षांच्या जॉनी मारची मॉरिसीशी पहिली ओझरती ओळख झाली. चार वर्षांनी दोघांनी मिळून द स्मिथ्स हा बँड काढला. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांपैकी ‘द हँड दॅट रॉक्स द क्रेडल’ची चाल ‘हॉर्सेस’मधल्या ‘किम्बर्ली’वरून निघाली, हे मारने मोकळेपणाने कबूल केलं आहे. डब्लिनच्या यूटू या बँडने तिचं ‘डान्सिंग बेअरफूट’ स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केलं. 2007 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं स्वागत करणारा, रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा गायक झॅक डे ला रोचा ‘हॉर्सेस’ निघाला तेव्हा पाच वर्षांचा होता, कॅलिफोर्नियात.

इलिनॉय, लंडन, मँचेस्टर, डब्लिन, कॅलिफोर्निया. यात न्यूयॉर्कचा मित्र कोण? यांतल्या बहुतेकांनी नुसती स्तुती केली नाही. त्यांनी बँड काढले, चाली घेतल्या, गाणी गायली. रिवाज म्हणून नाव घेणारा माणूस पुरस्काराच्या भाषणात चार शब्द बोलतो, पौगंडावस्थेतल्या रात्री कुणाच्या पायी खर्च करत नाही.

‘गायब’ होण्याबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. सप्टेंबर 1979 मध्ये फ्लोरेन्सला सुमारे 70 हजार लोकांसमोर गाऊन ती थांबली, मार्च 1980 मध्ये लग्न केलं, डेट्रॉइटकडे राहिली, दोन मुलं वाढवली. 1988 मध्ये फ्रेडसोबत ‘ड्रीम ऑफ लाइफ’ हा अल्बम केला, ‘पीपल हॅव द पॉवर’ त्यातलंच. म्हणजे सोळा वर्षं रिकामी नव्हतीच. मग 1989 ला तिचा जुना मित्र मेपलथॉर्प गेला, 1990 ला पियानोवादक सोल, 1994 च्या नोव्हेंबरात फ्रेड, आणि महिन्याभरात धाकटा भाऊ टॉड. डिसेंबर 1995 मध्ये तिला पुन्हा दौऱ्यावर आणलं बॉब डिलनने. स्वतःच्या दौऱ्यात आधी तिची मैफल ठेवली, आणि मग त्याच मंचावर दोघं मिळून त्याचं ‘डार्क आइज’ गायले. स्टाइप त्या दौऱ्यात कॅमेरा घेऊन सोबत फिरला. पुढच्याच वर्षी आर.ई.एम.च्या ‘ई-बो द लेटर’मध्ये मागून येणारा तो जड, शांत आवाज तिचा आहे.

राहिलं नोबेल. 10 डिसेंबर 2016, स्टॉकहोम. समारंभात गायचं निमंत्रण तिला आधीच आलं होतं आणि ती स्वतःचंच गाणं गाणार होती. साहित्याचं नोबेल डिलनला जाहीर झाल्यावर तिने स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं आणि त्याचं ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ निवडलं. हे गाणं ती किशोरवयापासून ऐकत आली होती. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली. शब्द विसरले नव्हते, बाहेर निघत नव्हते, असं तिने नंतर लिहिलं. तिने ऑर्केस्ट्राला थांबवलं, माफी मागितली, फार घाबरलेय म्हणाली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिने तो भाग पुन्हा घेतला आणि गाणं शेवटापर्यंत नेलं. वय सत्तरला वीस दिवस कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला गेली तेव्हा नोबेल मिळालेले काही शास्त्रज्ञ तिला येऊन भेटले. मी आणखी चांगलं करायला हवं होतं, असं ती म्हणाली. नाही, नाही, ते म्हणाले, आमचीही धडपड तशीच असते.